पत्रांची ठेव कोणाच्या घरी?

दुसऱ्याने विश्वासाने आपल्या हाती दिलेली वस्तू कशी सांभाळावी, हा प्रश्न आपल्या धर्मशास्त्रकारांना फार प्राचीन काळापासून महत्त्वाचा वाटत आला आहे. मनुस्मृतीत व्यवहाराची जी अठरा पदे सांगितली आहेत, त्यांत ऋणादानाच्या पाठोपाठ निक्षेपाला, म्हणजे ठेवीला, स्थान दिलेले आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ठेवीसंबंधी स्वतंत्र प्रकरण आहे. याज्ञवल्क्यस्मृतीने तर याही पुढे जाऊन एक सूक्ष्म भेद केला आहे. आत काय आहे हे न सांगता, पेटीत बंद करून जी वस्तू दुसऱ्याच्या हाती सोपविली जाते, तिला त्या स्मृतीत ‘औपनिधिक’ असे निराळे नाव आहे. घेणाऱ्याने ती उघडावयाची नाही. जशी आली तशीच ती परत करावयाची. बंद लिफाफ्यातील पत्र हे अशा ठेवीचे आपल्या परिचयातील सर्वांत साधे उदाहरण होय.

पत्र कागदावरून संगणकावर गेले म्हणून त्याचे हे ठेवपण नाहीसे झालेले नाही. एखाद्या देवस्थानाच्या कचेरीत दररोज येणारा ईमेल डोळ्यांपुढे आणावा. मुंबईचा कुळावी अभिषेकाची तिथी विचारतो. परदेशी राहणारी मुलगी आईच्या आजारासाठी प्रार्थना करावयास सांगते आणि त्या आजाराचे नावही लिहिते. कोणी मोठी देणगी देतो, पण आपले नाव प्रसिद्ध होऊ नये अशी विनंती करतो. कोणी भाऊबंदांशी चाललेल्या वादासाठी जुन्या नोंदींची नक्कल मागतो. पाठविणाऱ्यांची समजूत अशी की, हे आपण देवाच्या दारी सांगितले. वस्तुतः हे शब्द जाऊन पडतात कोठे? पुष्कळ संस्थांच्या बाबतीत याचे उत्तर असे आहे की, ते कचेरीत नसतातच. एखाद्या मोठ्या कंपनीच्या दूरच्या संगणकगृहात ते साठविलेले असतात. या व्यवस्थेला ‘क्लाउड’ म्हणतात. नाव ढगाचे असले, तरी वस्तू जमिनीवरचीच आहे: दुसऱ्याच्या मालकीची यंत्रे, दुसऱ्याच्या छपराखाली, आणि त्यांत आपण भाड्याने घेतलेला एक कोपरा.

ही पत्रे तेथून काढून स्वतःच्या वास्तूत, स्वतःच्या सर्व्हरवर आणावीत काय, असा प्रश्न आज अनेक संस्थांपुढे उभा आहे. हा प्रश्न बहुधा यंत्रज्ञांवर आणि खजिनदारांवर सोपविला जातो. परंतु त्याच्या मुळाशी धर्माचा, म्हणजे कर्तव्याचा प्रश्न आहे, असे आम्हांस वाटते.

खर्चाचा मुद्दा प्रथम थोडक्यात आटोपून घेऊ. स्वतःची ईमेल-सेवा चालविणाऱ्या ३७सिग्नल्स या अमेरिकन कंपनीने २०२२ साली क्लाउडपोटी सुमारे ३२ लाख डॉलर मोजले. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात तिने क्लाउड सोडण्याचा निर्धार जाहीर केला आणि जून २०२३ पर्यंत आपला कारभार स्वतः विकत घेतलेल्या सर्व्हरांवर आणून दाखविला. तिचा खर्च मोठ्या प्रमाणात उतरला, हे खरे. परंतु ती यंत्रे ज्या वास्तूत ठेवली ती भाड्याचीच होती, आणि यंत्रे राखणारे अनुभवी पथक तिच्यापाशी आधीपासून होते. दहा-वीस पत्रपेट्या असलेल्या संस्थेस हा हिशेब जसाच्या तसा लागू पडत नाही. तिला घरची व्यवस्था बहुधा महागच पडेल. ज्याला केवळ पैसे वाचवावयाचे आहेत, त्याने हा लेख येथेच खाली ठेवण्यास हरकत नाही. पण ज्याला आपल्या कर्तव्याची कक्षा जाणून घ्यावयाची आहे, त्याने पुन्हा याज्ञवल्क्याकडे वळावे.

ठेव राखणारा कोणत्या हानीस जबाबदार नाही, हे सांगताना त्या स्मृतीने तीन कारणे गणली आहेत: राजाने नेली, दैवाने नष्ट झाली किंवा चोराने चोरली. मात्र त्यास जोडूनच दोन कडक नियम सांगितले आहेत. धन्याने मागितली असता दिली नाही आणि त्यानंतर ती नष्ट झाली, तर राखणाऱ्याने ती भरून द्यावी आणि दंडही सोसावा. तसेच ठेवीचा आपल्या इच्छेने उपभोग घेतला, तर दंडाबरोबर वृद्धीही द्यावी. कल्याणीच्या चालुक्यांच्या राजधानीत विज्ञानेश्वराने या स्मृतीवर जी मिताक्षरा टीका लिहिली, तिने हा विचार पुढे कित्येक शतके हिंदू व्यवहारशास्त्रात जिवंत ठेवला. राजा, दैव, चोर, मागणी आणि उपभोग अशा या पाच कसोट्या झाल्या. आपला प्रश्न त्यांवर घासून पाहू.

प्रथम राजा. क्लाउडच्या मोठ्या कंपन्यांपैकी बहुतेक अमेरिकेच्या आहेत, आणि त्या देशाने २०१८ साली केलेल्या क्लाउड अ‍ॅक्टनुसार, अशा कंपनीच्या ताब्यातील माहिती कोणत्याही देशात साठविलेली असली, तरी कायदेशीर आदेश मिळताच ती सादर करणे तिला भाग असते. राजाचा हात माहिती घेण्यासाठीच पोहोचतो असे नाही. दार बंद करण्यासाठीही तो पोहोचतो. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने नायरा एनर्जी या कंपनीवर निर्बंध लादले. तिची कचेरी मुंबईत आणि तेलशुद्धीकरणाचा कारखाना गुजरातेत वाडीनार येथे. निर्बंध भारत सरकारचे नव्हते. तरीही मायक्रोसॉफ्टने तिच्या ईमेलसह अन्य सेवा स्थगित केल्या. पैसे पूर्ण भरलेले असताना आपलीच माहिती आपणांस मिळेनाशी झाली, अशी तक्रार घेऊन कंपनी दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेली, आणि काही दिवसांत सेवा पूर्ववत झाली. देवस्थानावर कोणी निर्बंध लादणार नाही हे उघड आहे. तथापि या प्रकरणाने एक गोष्ट सर्वांच्या ध्यानी आणून दिली: ज्या राजाचे आपण प्रजाजन नाही, त्याचा हुकूमही भाड्याच्या घरात आपल्यावर चालू शकतो. स्वतःच्या वास्तूत आपल्या देशाचा कायदा चालतोच, आणि तो चाललाच पाहिजे. पण तेथे हुकूम घेऊन येणारा आपल्या दारात येतो, आणि त्याच्याशी बोलणारे आपण असतो. या कसोटीवर घरची बाजू वरचढ ठरते.

दैव आणि चोर या कसोट्यांवर मात्र पारडे इतके सहज झुकत नाही. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या संगणकगृहाची एक संपूर्ण इमारत जळाली, आणि ज्यांची दुसरी प्रत त्याच आवारात होती त्यांची माहिती कायमची गेली. डिसेंबर २०२२ मध्ये रॅकस्पेस या कंपनीच्या ईमेल-सेवेवर खंडणीखोरांचा हल्ला झाला. ग्राहकांना आपल्या पत्रपेट्या दिसेनाशा झाल्या, आणि कंपनीने ती सेवा पुन्हा उभी न करता बंदच केली. एवढे वाचून जो ‘म्हणूनच घरी आणा’ असे म्हणेल, त्याने पुढचेही ऐकावे. मार्च २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एक्सचेंज सर्व्हरातील चार गंभीर दोष उघडकीस आले. ते दोष संस्थांनी स्वतःच्या वास्तूत चालविलेल्या सर्व्हरांत होते. कंपनीच्या क्लाउडमधील सेवेस त्यांची बाधा झाली नाही. दुरुस्ती त्याच दिवशी उपलब्ध झाली, पण ज्यांच्या घरी ती बसविण्यास कोणी जागा नव्हता, त्यांच्या घरी चोर शिरले. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन येथे सरकारच्या स्वतःच्या संगणकगृहात बॅटऱ्यांना आग लागली आणि सरकारी नोकरांच्या कामाची ८५८ टेराबाइट माहिती भस्म झाली. तिची प्रत अन्यत्र ठेवलेलीच नव्हती. घर स्वतःचे होते. पण अग्नीला मालकी कळत नाही.

आता मागणी आणि उपभोग. ठेव मागताक्षणी मिळाली पाहिजे, या नियमाकडे संस्था बहुधा लक्ष देत नाहीत. आपली दहा वर्षांची सर्व पत्रे आज बाहेर काढावयाची म्हटले तर निघतील काय, हे करार करताना कोणी विचारीत नाही. उपभोगाचे उदाहरण तर सर्वविश्रुत आहे. गूगल कंपनी आपल्या विनामूल्य जीमेलमधील पत्रांचा मजकूर यंत्राकरवी तपासून त्यानुरूप जाहिराती दाखवीत असे. ही प्रथा बंद करण्याचा निर्णय तिने २०१७ साली जाहीर केला. यंत्राने वाचले, माणसाने नव्हे, असे तेव्हा समर्थन केले जाई. परंतु याज्ञवल्क्याचा नियम ठेव कोणी वापरली हे विचारीत नाही. धन्याच्या इच्छेवाचून वापरली काय, एवढेच विचारतो.

येथवर विचार केल्यावर वाचकास वाटेल की, उपभोगाच्या कसोटीवर तरी घरची बाजू निःसंशय जिंकते. आमचे मत नेमके येथे निराळे आहे, आणि या प्रश्नाचा सर्वांत नाजूक भाग आम्हांस येथेच दिसतो. क्लाउडमध्ये आपले पत्र पाहू शकणारा माणूस आपल्याला ओळखत नाही. त्या मुलीच्या आईचे नाव, त्या देणगीदाराचे गोत्र, त्या भाऊबंदांचा वाद यांत त्याला रस नाही. पत्रे संस्थेच्या खोलीतील सर्व्हरवर आली, म्हणजे सर्व्हर सांभाळणाऱ्याच्या हाती त्याची सर्वाधिकाराची किल्ली येते, आणि तो मनात आणील तर कोणतीही पेटी उघडू शकतो. तो कदाचित समितीतील कोणाचा पुतण्या असेल. ज्यांची पत्रे त्याच्या हाती आहेत, ते त्याचे नातलग, शेजारी, किंवा निवडणुकीतील प्रतिपक्ष असतील. परक्याच्या उदासीन दृष्टीपेक्षा आपल्या माणसाचे कुतूहल पुष्कळदा अधिक जाळते. मुलीच्या सोयरिकीची गोष्ट वॉशिंग्टनमध्ये कोणी वाचली, तर तिचे काही बिघडत नाही. पण तीच गोष्ट पालखीच्या दिवशी मंडपात कुजबुजली गेली, तर एका घराची शांती जाते. महाजनांतील तंटे आपणांस अपरिचित नाहीत. अशा तंट्यात विरुद्ध पक्षाचा पत्रव्यवहार एका किल्लीच्या अंतरावर असेल, तर मोह किती प्रबळ होईल, हे सुज्ञांस सांगावयास नको. म्हणून पत्रे घरी आणणे म्हणजे धोका टाळणे नव्हे. दूरचा धोका देऊन जवळचा धोका घेणे होय. हा व्यवहार करावा की करू नये, हे आपल्या चारित्र्यावर आणि आपल्या व्यवस्थेवर अवलंबून आहे.

मग क्लाउडवरच राहिल्याने जबाबदारी टळते काय? मुळीच नाही. धर्मशास्त्रात ‘अन्वाहित’ नावाचा ठेवीचा एक प्रकार आहे: एकाच्या हाती दिलेली वस्तू त्याने पुढे दुसऱ्याच्या हाती, धन्यास देण्यासाठी म्हणून, ठेवणे. क्लाउडमधील पत्र हे शब्दशः अन्वाहित होय. भक्ताने ते देवस्थानाला दिले. देवस्थानाने ते कंपनीकडे ठेवले. भक्ताचा करार कंपनीशी झालेला नाही. आपल्या देशाचा २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही याच मार्गाने जातो. लोकांची माहिती कोणत्या हेतूने व कशी वापरावयाची हे जो ठरवितो, त्याला त्या कायद्याने विश्वस्ताची संज्ञा दिली आहे. त्याच्या वतीने काम करणाऱ्या दुसऱ्या कोणाशी कसलाही करार झालेला असला, तरी उत्तरदायित्व या विश्वस्ताचेच राहते. सुरक्षिततेची वाजवी तजवीज न केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. भाडे भरून जागा मिळते. जबाबदारीतून सुटका मिळत नाही.

ज्या संस्थेने हे सर्व तोलून पत्रे घरी आणण्याचे ठरविले, तिला स्थलांतराची रीतही नीतीचाच भाग म्हणून पाळावी लागेल. प्रथम जुन्या ठिकाणी कोणत्या पेटीत किती पत्रे आहेत, याची मोजदाद करावी. मग नवा सर्व्हर उभा करून सर्व पत्रांची नक्कल त्यावर उतरवावी. वीत्से वेनेमा यांचे पोस्टफिक्स आणि तिमो सिरायनेन यांचे डव्हकॉट यांसारखी उत्तम साधने विनामूल्य उपलब्ध आहेत. त्यानंतर डोमेनच्या नोंदवहीतील एमएक्स ही नोंद बदलावयाची. पत्र कोणत्या सर्व्हरकडे न्यावयाचे, हे जगाला तीच सांगते. हा बदल सर्वत्र एकाच क्षणी पोहोचत नाही, म्हणून त्या नोंदीची मुदत काही दिवस आधीच कमी करून ठेवावी आणि जुनी पेटीही काही काळ उघडी ठेवावी, म्हणजे मागाहून तेथे पडलेले पत्र हरवणार नाही. शेवटी पुन्हा मोजदाद करून, दोन्हीकडचे आकडे जुळल्यावरच जुनी प्रत पुसून टाकण्यास सांगावे. हे शेवटचे काम पुष्कळजण विसरतात. मागे राहिलेली प्रत ही विसरलेली ठेव होय. आणि विसरलेल्या ठेवीचा कोणी राखणदार नसतो.

पण घरी आणणे म्हणजे कार्य संपणे नव्हे. १५६० च्या सुमारास कुशस्थळीहून श्रीमंगेश प्रियोळास आला, केळशीहून श्रीशांतादुर्गा कवळ्यास आली. त्या रात्रींचे धैर्य आपण अभिमानाने आठवितो. परंतु आपल्या पूर्वजांचे मोठेपण त्या रात्रींपेक्षाही पुढील साडेचारशे वर्षांत आहे. कारण त्यांनी नव्या जागी पूजा एक दिवसही आपल्या सोयीवर सोडली नाही. सर्व्हरची योग्यता देवतेशी तोलण्याचा आमचा हेतू नाही. सांगावयाचे इतकेच की, स्थलांतर एकदा होते, राखण रोज करावी लागते. कोकणच्या पावसाळ्यात वीज जाते, कडाडते आणि दमट हवा यंत्रांना खाते. बॅटरीची सोय हवी, दुरुस्त्या आल्या की त्याच दिवशी बसवावयास हव्यात, पत्रांची एक प्रत दुसऱ्या गावी हवी, आणि ती प्रत खरोखर उघडते की नाही हे अधूनमधून पाहावयास हवे. एक दिलासा मात्र आहे. सर्व्हर काही तास बंद पडला, तरी पाठविणाऱ्याचा सर्व्हर पत्र टाकून देत नाही. चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा दार ठोठावावे, असा संकेत आहे. राखणदाराच्या एका रात्रीच्या झोपेला या व्यवस्थेत क्षमा आहे. आठवड्याच्या झोपेला नाही.

बाहेर जाणाऱ्या पत्रांची गोष्ट निराळी. १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी ईमेलच्या वहनाचे नियम शब्दबद्ध केले, तेव्हा प्रत्येक संस्थेचा सर्व्हर दुसऱ्याशी बरोबरीच्या नात्याने बोलेल, अशी कल्पना होती. आज कचऱ्यासारख्या पत्रांच्या पुरामुळे मोठ्या सेवा नव्या, अनोळखी सर्व्हरकडे संशयाने पाहतात. तुमचा स्थिर पत्ता कोणता, तुमच्या नावाने पत्र पाठविण्याचा अधिकार कोणाला, पत्रावरील सही खरी काय, हे सारे एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या नोंदींनी सिद्ध करावे लागते. आणि तरीही आरंभी काही पत्रे कचऱ्याच्या पेटीत पडतात. घर स्वतःचे झाले, तरी प्रतिष्ठा शेजाऱ्यांकडूनच मिळवावी लागते. शिवाय प्रत्येक पत्राला दोन टोके असतात. आपण आपले टोक घरी आणले, तरी ज्याला उत्तर धाडले त्याची पेटी बहुधा क्लाउडमध्येच असते. म्हणून जो पूर्ण स्वातंत्र्याचा अभिमान मिरवील, त्याला या विषयाचे अर्धेच ज्ञान झाले आहे असे समजावे.

मग निर्णय कोणता? आमच्या मते, ज्या संस्थेपाशी किमान दोन जाणती माणसे आहेत, त्यांचे वेतन आणि यंत्रांची दुरुस्ती यांची तजवीज दरवर्षीच्या अंदाजपत्रकात आहे, आणि जी त्या माणसांवरही मर्यादा घालावयास तयार आहे, तिने पत्रे घरी आणावीत. दानपेटी चारचौघांसमोर उघडण्याची वहिवाट आपल्याकडे आहे. ती पुजाऱ्याच्या किंवा खजिनदाराच्या अपमानासाठी पडलेली नाही, त्याला मोहापासून आणि संशयापासून वाचविण्यासाठी पडलेली आहे. तीच वहिवाट सर्व्हरला लावावी. सर्वाधिकाराची किल्ली एकट्याच्या हाती नसावी. ती केव्हा, कोणी आणि कशासाठी वापरली, याची नोंद ज्याच्या हाती किल्ली नाही अशा माणसाकडे जावी. आणि ज्यांचे काम संपले आहे अशी खाजगी पत्रे ठराविक मुदतीनंतर नष्ट करावीत. न ठेवलेली ठेव कोणी चोरू शकत नाही. ज्या संस्थेस हे जमणार नाही, तिने क्लाउडवर राहण्यात कमीपणा नाही. मात्र कोणत्या राजाच्या छायेत राहत आहोत हे तिने जाणावे, सर्व पत्रांची एक प्रत नित्य आपल्यापाशी उतरवून ती कुलुपात ठेवावी, आणि आपली पत्रे कोठे असतात हे विचारणाऱ्या भक्तास खरे उत्तर द्यावे. चार-पाच देवस्थानांनी मिळून एक सर्व्हर आणि दोन राखणदार ठेवणे, हा मधला मार्गही विचार करण्याजोगा आहे.

सारांश, ठेव कोणाच्या घरी आहे हा प्रश्न महत्त्वाचा असला, तरी तो दुसरा प्रश्न होय. पहिला प्रश्न असा की, तिच्यासाठी जागे कोण आहे, आणि तो जागा असताना त्याच्यावर लक्ष कोणाचे आहे. या प्रश्नाचे उत्तर ज्यांच्यापाशी आहे, त्यांच्या घरी पत्रे सुखाने यावीत. ज्यांच्यापाशी ते नाही, त्यांनी सर्व्हर विकत घेण्यापूर्वी ते शोधावे. कारण मुलीने आईच्या आजाराविषयी लिहिलेल्या त्या चार ओळी कोणत्या यंत्रात आहेत, हे तिला ठाऊक नाही. त्या देवस्थानाच्या हाती आहेत, एवढेच तिला ठाऊक आहे.